ऋण आणि ऋणमुक्ती : उदयनगरच्या धर्मग्रामातील एक अध्याय

कॅथलिक समाजाचे धार्मिक आणि सामाजिक जीवन ज्या घटकाभोवती उभे राहते, त्याला वसईकडचे मराठीभाषक कॅथलिक ‘धर्मग्राम’ म्हणतात, तर माळव्यातील हिंदीभाषक त्यालाच ‘पल्ली’ म्हणतात. एक चर्च, त्याच्या आसपासची गावे आणि पाडे, त्यांची धार्मिक जबाबदारी वाहणारा धर्मगुरू, बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या, रविवारची मिस्सा म्हणजे सामुदायिक उपासना आणि बहुधा जवळच एखादी शाळा किंवा दवाखाना, असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. अनेक धर्मग्राम मिळून ‘धर्मप्रांत’ होतो आणि त्यावर बिशपांचा अधिकार चालतो. इंदूर धर्मप्रांतातील उदयनगर हा देवास जिल्ह्यातला असाच एक छोटा, डोंगराळ आणि बहुसंख्य आदिवासी वस्तीचा धर्मग्राम असून, १९९२ ते १९९५ या अवघ्या तीन वर्षांत तेथे एका धर्मभगिनीने, म्हणजे व्रतस्थ संन्यासिनीने, जे काम केले आणि तिच्या मृत्यूनंतरच्या अकरा वर्षांत तिच्या कुटुंबाने जे केले, त्यामुळे श्रद्धा, सेवा आणि कृतज्ञता या तिन्ही शब्दांचा अर्थ त्या भागात नव्याने तपासला गेला.

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी फौजा माळव्यात स्थिरावल्या तेव्हा पवार घराण्याच्या एका शाखेने धारला गादी स्थापली, तर देवास तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांकडे आले. या वाटणीतून एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने शेजारीशेजारी नांदली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. त्याच वर्षी क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व देवासला राहायला आले आणि माळव्यातील निर्गुणी भजनांची परंपरा त्यांच्या गळ्यातून महाराष्ट्रात पोचली. मात्र मराठी स्मरणातले देवास हे बहुतांशी शहराचे, चामुंडा टेकडीचे आणि राजवाड्यांचे देवास आहे. जिल्ह्याचा दक्षिण भाग त्याहून अगदी वेगळा आहे. माळव्याचे काळ्या मातीचे पठार तेथे विंध्याच्या उतारावरून नर्मदेकडे खाली येते, रस्ता घाटांतून आणि सागाच्या रानातून जातो, आणि भिल्ल, भिलाला, बारेला, कोरकू या समाजांची विरळ वस्ती लागते. उदयनगर हे गाव याच पट्ट्यात आहे.

या प्रदेशात ख्रिस्ती मिशनांचे आगमन दोन वेगळ्या प्रवाहांनी झाले. १९ व्या शतकाच्या अखेरीस कॅनडातील प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथातील, मिशनाने धारमध्ये काम सुरू केले आणि डॉ. मार्गारेट ओहारा यांनी तेथे दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केली, त्यामुळे धारच्या जुन्या पिढ्यांना ख्रिस्ती सेवेचा परिचय झाला तो मुख्यतः दवाखान्यातून. कॅथलिकांपैकी ‘दैवी शब्द संघ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८७५ साली नेदरलँड्समधील स्टाइल येथे अर्नोल्ड यान्सेन यांनी स्थापन केलेल्या संघाचे धर्मगुरू १९३२ साली इंदूर भागात आले. १९३५ साली इंदूरला प्राथमिक स्वरूपाचे धर्मक्षेत्र म्हणून मान्यता मिळाली आणि १९५२ साली डच धर्मगुरू फ्रान्सिस सायमन्स यांच्या नेतृत्वाखाली पूर्ण धर्मप्रांत अस्तित्वात आला. युरोपातून येणाऱ्या धर्मगुरूंची संख्या पुढे घटत गेली आणि त्यांची जागा प्रामुख्याने केरळातील धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी घेतली. हे स्थित्यंतर लक्षात घेतले नाही, तर माळव्यातील एका आदिवासी गावात एर्नाकुलम जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी काय करत होती, हा प्रश्न सुटत नाही.

उदयनगरच्या कथेच्या केंद्रस्थानी कर्ज आहे. पावसाळ्यापूर्वी बियाणे, लग्न, आजारपण किंवा मर्तिक यांसाठी सावकाराकडून घेतलेली रक्कम पिकावर फेडायची, पीक पुरले नाही की व्याज मुदलात मिळवायचे, कागदावर अंगठा उमटवायचा आणि अखेर जमीन गहाण टाकायची किंवा सावकाराच्या शेतावर राबून देणे भागवायचे, हा क्रम मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. वेठबिगारीचे निर्मूलन करणारा केंद्रीय कायदा १९७६ साली झाला, आणि आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर मध्य प्रदेशच्या जमीन महसूल संहितेने त्याआधीच निर्बंध घातले होते. परंतु कायदा पुस्तकात असणे आणि अंगठा देणाऱ्या माणसाला तो ठाऊक असणे यांत फार मोठे अंतर होते. मराठी वाचकाला या दुःखाची ओळख करून देण्याची गरज नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला करून कर्जाचे कागद जाळले आणि तेथून पसरलेल्या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. सुप्याच्या शेतकऱ्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता, कारण आपली गुलामी त्या कागदांत बांधलेली आहे हे त्यांनी नेमके ओळखले होते.

कॅथलिक धर्मग्रामांनी या प्रश्नात हात घालण्याची परंपरा उदयनगरपेक्षा बरीच जुनी आहे. छोटानागपुरात १८८५ ते १८९२ या काळात काम करणारे बेल्जियन जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे, धर्मगुरू कॉन्स्टंट लीव्हन्स यांनी मुंडा आणि उरांव शेतकऱ्यांना जमिनीच्या खटल्यांत मदत केली. त्यांच्यानंतरचे जर्मन जेझुइट योहान हॉफमन यांनी १९०८ च्या छोटानागपूर कूळ कायद्याच्या घडणीत भाग घेतला आणि १९०९ साली तेथे कॅथलिक सहकारी पतसंस्था उभी केली. जर्मनीत फ्रीडरिश रायफायझन यांनी गावाच्या परस्परविश्वासावर उभ्या केलेल्या पतपेढ्यांचा आदर्श त्यामागे होता. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून १९१५ साली हॉफमन यांना भारत सोडावा लागला, पण संस्था टिकली. महाराष्ट्रात वसईला मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने १९१८ साली कॅथलिकांची पतसंस्था निघाली आणि तिचीच पुढे बसीन कॅथलिक बँक झाली. ज्या हातांनी मिस्सा अर्पण केली जाते त्याच हातांनी पासबुक भरण्यात या धर्मगुरूंना कोणतीही विसंगती वाटली नाही. हॉफमन आणि मोनीस यांच्या या वाटेचेच एक टोक पुढे उदयनगरला पोचते, असे मानण्यास जागा आहे.

सिस्टर राणी मारिया यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळातील पुल्लुवळी या गावी पैली आणि एलिस्वा वट्टालिल या दांपत्याच्या पोटी झाला. सात भावंडांत त्या दुसऱ्या. १९७२ साली त्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात दाखल झाल्या आणि १ मे १९७४ रोजी त्यांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतली. असीसीचे संत फ्रान्सिस आणि संत क्लारा यांचा आदर्श मानणारा हा संघ १८८८ साली केरळात सुरू झाला. २००८ साली संतपद लाभलेल्या अल्फोन्सा याच संघाच्या होत्या. धाकटी बहीण सेल्मी पॉल यांनीही तोच संघ निवडला. राणी मारिया यांची पहिली नेमणूक उत्तर प्रदेशातील बिजनौरला झाली व तेथे त्यांनी शाळेत शिकवले. १९८३ पासून त्या मध्य प्रदेशात सतना धर्मप्रांतातील ओडगडी येथे समाजकार्य पाहू लागल्या. रीवा येथून त्यांनी समाजशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली. हा तपशील वरवर किरकोळ वाटतो, पण त्यांच्या सेवेची जात त्यातून कळते. गरिबाला पोटभर जेवण देणे आणि तो गरीब का आहे हे शोधणे या दोन कामांपैकी दुसऱ्यासाठी लागणारे शिक्षण त्यांनी मुद्दाम मिळवले होते. मे १९९२ मध्ये त्या उदयनगरच्या ‘स्नेहसदन’ या मठात, म्हणजे धर्मभगिनींच्या निवासात, आल्या.

उदयनगरमधील त्यांचे काम बहुतांशी कागदांचे होते. सरकारच्या ग्रामीण विकास योजना त्या काळात देशभर चालू होत्या. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून गरीब कुटुंबाला बँकेचे कर्ज आणि अनुदान मिळू शकत होते, बायकांच्या गटांसाठी आणि तरुणांच्या प्रशिक्षणासाठी वेगळ्या योजना होत्या, आणि नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा पहिला प्रयोग सुरू केला तो १९९२ सालीच. या योजनांची माहिती पाड्यापर्यंत पोचत नव्हती, पोचली तरी अर्ज कोणी भरायचा, जातीचा दाखला कोठे मिळतो, साहेबासमोर उभे राहून काय बोलायचे, हे लोकांना ठाऊक नव्हते. राणी मारिया पाड्यापाड्यांवर पायी जात, लोकांना एकत्र बसवून त्यांच्या हक्कांविषयी बोलत, बायकांचे गट बांधत आणि लोकांना बरोबर घेऊन बँकेत आणि सरकारी कचेऱ्यांत जात. अर्ज स्वतः नेऊन देण्यापेक्षा अर्जदाराने स्वतः खिडकीपाशी उभे राहावे यावर त्यांचा भर होता. ज्या हाताने आजवर सावकाराच्या कागदावर अंगठा उमटवला होता त्याच हाताने बँकेच्या अर्जावर वळणावळणाने स्वतःचे नाव काढणे, हा त्या माणसाच्या आयुष्यातला केवढा मोठा फेरबदल असतो, याची कल्पना ज्याने आपल्या आजोबांचा अंगठा जुन्या सातबाऱ्यावर किंवा खतावर पाहिला आहे त्याला सहज येईल. बँकेचे कर्ज मिळू लागले की सावकाराचे गिऱ्हाईक तुटे, आणि गिऱ्हाईक तुटले की फुकटची मजुरीही तुटे.

सावकार आणि गावातील वजनदार मंडळी या बदलाकडे शांतपणे पाहतील, अशी अपेक्षा करता येत नव्हती. त्याच काळात पंचायतींना घटनात्मक दर्जा देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतरच्या पंचायत निवडणुका देशात सर्वप्रथम मध्य प्रदेशात, १९९४ साली, झाल्या आणि गावातील सत्तेचे जुने हिशेब सर्वत्रच ढवळून निघाले. धर्मांतराच्या संशयाचे वातावरणही होतेच. जबरदस्ती, आमिष किंवा फसवणूक यांतून होणाऱ्या धर्मांतराला प्रतिबंध करणारा मध्य प्रदेशाचा कायदा १९६८ पासून लागू होता आणि मिशनरी संस्थांकडे पाहण्याची सरकारी व सामाजिक दृष्टी सावध होती. मात्र राणी मारिया यांच्या बाबतीत वादाचे मूळ उपासनेपेक्षा व्याजात अधिक होते, असेच उपलब्ध वृत्तांतांवरून म्हणावे लागते. त्यांनी ज्यांची बाजू घेतली त्यांतील बहुसंख्य लोक ख्रिस्ती नव्हते. त्यांना धमक्या येत होत्या आणि तरीही त्यांनी उदयनगर सोडले नाही.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी, शनिवारी सकाळी, राणी मारिया उदयनगरहून इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये बसल्या. तेथून पुढे त्या केरळला जाणार होत्या. त्याच बसमध्ये समंदरसिंग हा त्या भागातील तरुण शेतकरी आपल्या साथीदारांसह बसला होता. त्याला सिस्टरांच्या खुनासाठी चिथवण्यात आले होते, हे त्याने नंतर अनेकदा सांगितले. चरित्रपर वृत्तांत सांगतात, की नाचनबोरच्या घाटात बस थांबली तेव्हा त्याने खाली उतरून नारळ फोडला आणि त्याचे तुकडे प्रवाशांना वाटले. त्यानंतर त्याने चाकू काढला. भरलेल्या बसमध्ये, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत, त्याने सिस्टरांवर वार केले, त्यांना ओढून रस्त्यावर आणले आणि तेथेही वार चालूच ठेवले. त्या ‘येशू’ हे नाव घेत राहिल्या. त्यांच्या देहावर ५४ जखमा होत्या, वय ४१ वर्षांचे होते आणि देह बराच वेळ रस्त्याच्या कडेला पडून होता. दोन दिवसांनी, २७ फेब्रुवारीला, उदयनगरच्या चर्चपाशी त्यांचा दफनविधी झाला तेव्हा आसपासच्या पाड्यांवरून मोठा समुदाय लोटला. रानवाटांनी चालत आलेल्या त्या माणसांनी व्यक्त केलेली कृतज्ञता कोणत्याही समारंभात बसणारी नव्हती. ज्या बाईने आपल्याला कर्जातून सोडवले तिचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न त्यांच्यापैकी प्रत्येकाने आपल्यापुरता सोडवायचा होता.

येथे मराठी भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘ऋण’ हा शब्द मराठीत कर्जालाही लागतो आणि उपकाराच्या जाणिवेलाही. सावकाराचे ऋण माणसाला वाकवते, तर आईबापांचे, गुरूचे किंवा गावाचे ऋण मान्य करताना माणूस स्वतःहून वाकतो, आणि ग्रंथाच्या आरंभी लेखक ‘ऋणनिर्देश’ करतो तो याच दुसऱ्या अर्थाने. ख्रिस्ती परंपरेत या शब्दाला तिसरा पदर आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रपर ग्रंथात, येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आली आहे. तिच्यात अपराधासाठी वापरलेला मूळ ग्रीक शब्द ‘देणे’ या अर्थाचा असून मराठी बायबलच्या भाषांतरानेही तेथे ‘ऋण’ हाच शब्द ठेवला आहे. देवाने आपले ऋण सोडावे अशी विनंती करणाऱ्याने आधी आपल्या ऋणकोला सोडले पाहिजे, अशी त्या प्रार्थनेची अट आहे. राणी मारिया यांनी गरिबांना सावकाराच्या ऋणातून सोडवण्यासाठी तीन वर्षे दिली. त्यांच्या कुटुंबापुढे आता या तिसऱ्या अर्थाचे ऋण उभे होते आणि त्याचा ऋणको इंदूरच्या तुरुंगात होता.

समंदरसिंगला जन्मठेप झाली. तुरुंगात असताना त्याचा संसार मोडला, आणि ज्यांच्या सांगण्यावरून त्याने हे केले होते त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, त्यामुळे सूडाचा विचार त्याच्या मनात घर करून बसला. या अवस्थेत त्याला भेटायला येऊ लागले ते स्वामी सदानंद या नावाने परिचित असलेले, संन्याशासारखे राहणारे कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी त्याच्याशी अनेक वेळा बोलून त्याचे मन वळवले. २००२ साली रक्षाबंधनाच्या निमित्ताने राणी मारिया यांची बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली. राखी हा केरळातील ख्रिस्ती घरातला संस्कार नव्हे. ज्या प्रदेशात बहिणीने प्राण ठेवला त्या प्रदेशाच्या चालीरीतीतून क्षमेची भाषा निवडण्याचे शहाणपण त्या कृतीत होते, आणि ही भाषा समंदरसिंगला कोणत्याही उपदेशाशिवाय कळणारी होती. पुढे आई एलिस्वा यांनीही त्याची भेट घेतली. त्यांनी त्याचे हात आपल्या हातांत घेऊन त्यांचे चुंबन घेतले, कारण त्या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागले आहे, असे त्यांना वाटत होते. कॅथलिक श्रद्धेत हुतात्म्याच्या रक्ताला जे पावित्र्य आहे ते ठाऊक असल्याशिवाय या कृतीचा पूर्ण अर्थ लागत नाही. पण त्या श्रद्धेबाहेरच्या माणसालाही तिच्यापुढे स्तब्ध व्हावे लागते.

कुटुंबाने तेवढ्यावर थांबणे पसंत केले नाही. समंदरसिंगच्या सुटकेसाठी त्यांनी स्वतः सरकारकडे अर्ज केला. राणी मारिया यांनी उदयनगरात असंख्य अर्ज भरून घेतले होते, त्यांच्या घरच्यांनीही क्षमेचे रूपांतर अखेर एका अर्जातच केले, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. २००६ साली, अकरा वर्षांच्या तुरुंगवासानंतर, समंदरसिंग सुटला. जानेवारी २००७ मध्ये तो पुल्लुवळीला वट्टालिल कुटुंबाच्या घरी गेला आणि तेथे त्याचे मुलासारखे स्वागत झाले. त्यानंतर तो शेती करत राहिला आणि उदयनगरला सिस्टरांच्या समाधीवर जात राहिला.

चर्चपुढे मात्र एक तात्त्विक प्रश्न शिल्लक होता. कॅथलिक परंपरेत एखाद्याला हुतात्मा मानायचे तर त्याचा मृत्यू श्रद्धेविषयीच्या द्वेषातून घडला आहे हे सिद्ध व्हावे लागते. सावकारांच्या हितसंबंधांतून झालेला खून या व्याख्येत बसतो का, हा त्यातला पेच. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना १९८० साली गरिबांची बाजू घेतल्याबद्दल गोळी घालून ठार मारण्यात आले, तेव्हापासून हाच पेच त्यांच्याविषयीही दीर्घकाळ चर्चिला गेला होता आणि २०१५ साली त्यांना हुतात्मा म्हणून मान्यता मिळाली. गरिबांची सेवा ज्या श्रद्धेतून फुटते त्या श्रद्धेलाच सेवेचा शत्रू मारतो, हे या निर्णयांमागील तत्त्व आहे आणि ते योग्यच म्हटले पाहिजे, कारण उदयनगरच्या राणी मारियांचे बँकेच्या दारातील ताटकळणे त्यांच्या प्रार्थनेपासून वेगळे काढता येत नाही. १८ नोव्हेंबर २०१६ रोजी त्यांचे अवशेष कबरीतून काढून उदयनगरच्या चर्चमध्ये ठेवण्यात आले. २३ मार्च २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या हौतात्म्याच्या हुकूमनाम्याला संमती दिली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये सेंट पॉल शाळेच्या मैदानावर कार्डिनल आंजेलो अमातो यांनी त्यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी गाठलेली व्यक्ती, म्हणून घोषित केले. हुतात्मा म्हणून हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. दर वर्षी २५ फेब्रुवारी हा त्यांचा स्मरणदिन पाळला जातो.

४ नोव्हेंबरच्या त्या दिवशी इंदूरच्या मैदानावर जमलेल्या हजारो लोकांत सिस्टर सेल्मी पॉल होत्या, आणि समंदरसिंगही होता.